बिनडोक्याचा पोडकोबा

प्रोफेसरसाहेबांच्या ओसरीवर मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांच्याकडे कोंबडी सोलून सुकत घातली आहे. आणि त्या घरातल्या बाई तर एकादशीला चहासुद्धा वर्ज्य करणाऱ्या. मी पायरीवरच थबकले.

"या, या," प्रोफेसरसाहेब आतून म्हणाले. "ती कोंबडी नव्हे. सगळेच तसं म्हणतात. परवा दूधवाला तर दूध खाली ठेवून निघून गेला."

ते प्लॅस्टर होतं. पाटाएवढा एक पांढरट तुकडा, आणि त्यातून वर आलेली बारीक बारीक हाडं. पाठीच्या कण्याचे मणी, लांबलचक शेपटी, बोटांसारखे पाय. साहेबांनी तो धोतराच्या घडीवर उन्हाला टेकवून ठेवला होता, कारण पावसाळ्यात त्याला बुरशी धरली होती.

तेव्हा मी नुकतीच पुण्याहून ट्रेनिंग करून कर्जतच्या मुलींच्या मराठी शाळेत लागले होते. माझी थोरली बहीण, आक्का, माझ्याबरोबर राहायची. तिचे यजमान लवकर गेले होते, आणि एकट्या मुलीनं परगावी नोकरी कशी करायची या घरच्यांच्या प्रश्नाला आक्का हेच उत्तर होतं. प्रोफेसरसाहेब मुंबईच्या एका कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. पत्नीच्या छातीला मुंबई मानवत नव्हती म्हणून दहिवलीच्या बाजूला एक बंगली भाड्यानं घेऊन राहिले होते. बाईंचे डोळे अधू झालेले; त्यांना कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं. शाळा सुटल्यावर मी जायला लागले. आमचं वाचन झालं की ओसरीवर चहा, आणि चहाबरोबर साहेबांचे दगड.

त्या प्राण्याचं नाव पोडोकेसॉरस. चपळ पायांचा सरडा, असा अर्थ साहेबांनी सांगितला. डायनोसॉर म्हटलं की लोकांना डोंगराएवढी धुडं आठवतात. हा त्यांच्या आधीचा, पहिल्यावहिल्यांपैकी, शेपटी सोडली तर कोंबड्याएवढाच. दोन पायांवर पळायचा आणि पळता पळता छोटे जीव मटकावायचा. साहेब तरुणपणी शिकायला अमेरिकेत होते, तेव्हा त्यांनी खरी हाडं डोळ्यांनी पाहिली होती. तिथल्या एका मित्रानं त्यांना त्या हाडांवरून घेतलेला हा साचा दिला.

पण मला खिळवून ठेवलं ते त्याच्या सापडण्याच्या गोष्टीनं. तो सापडला एका बाईला. ती शिक्षिकाच होती, दगडांचं शास्त्र शिकवायची. एके दिवशी बहिणीबरोबर सहज फिरायला बाहेर पडली, वाटेत एका मोठ्या धोंड्यावर तिला पांढरी रेघ दिसली. कुणी कुदळ मारली असेल, असं तिला वाटलं. वाकून बघते तर हाडं.

"बहिणीबरोबर?" मी विचारलं.

"बहिणीबरोबर," साहेब म्हणाले. "तुम्ही दोघी जाता ना नदीकडे, तशाच."

दुसऱ्या दिवशी मी ती गोष्ट वर्गात सांगितली. मुलींना नाव काही झेपलं नाही. मधल्या सुट्टीपर्यंत त्याचा पोडकोबा झाला आणि पुढं तो पोडकोबाच राहिला; साहेबसुद्धा चुकून तसंच म्हणायला लागले.

एका रविवारी आक्का आणि मी पळसदरीच्या अंगाला डोंगराखाली गेलो. आक्कानं पिशवीतून खलबत्त्यातला बत्ता आणला होता. काळ्या दगडावर बत्ता मारला की बत्ताच ठणकन उडायचा. अखेर एका पोकळीत चमचमणारे पांढरे खडे सापडले, खडीसाखरेसारखे. आक्कानं पदरात बांधून आणले. साहेबांनी ते भिंगातून पाहिले, फार सुंदर आहेत म्हणाले, आणि मग सांगितलं, "पण आपले हे डोंगर म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात पोडकोबाची हाडं शोधणं म्हणजे तापल्या तव्यावर दही शोधणं. शिवाय तो यांच्या कितीतरी आधीचा."

"मग मुलींना दाखवायचं काय?" आक्का म्हणाली. "हा प्लॅस्टरचा पाट बघून तर त्या आज ना उद्या विचारतील, रस्सा केला का म्हणून."

त्यावरून साहेबांना कल्पना सुचली. संक्रांतीनंतर आमच्या शाळेत हळदीकुंकू असायचं. मुलींच्या आया एरवी शाळेची पायरी चढायच्या नाहीत, त्या दिवशी मात्र यायच्या. त्यांना दाखवायला जिवंत आकाराचा पोडकोबा करायचा. करणार कोण, हेही ठरलेलंच होतं. मुद्रे गावात एक मूर्तिकार राहायचे. गणपती त्यांच्याकडचे, नवरात्रातली देवी त्यांच्याकडची. अवघं कर्जत त्यांना गणपतीवालेच म्हणायचं. आश्विन सरला की त्यांचे हात रिकामे असत, आणि रिकामे हात त्यांना सोसत नसत.

गणपतीवाले साहेबांच्या ओसरीवर आले, साच्यापुढं उकिडवे बसले. मग दोरा काढला आणि एकेक हाड मापायला लागले. कारवीच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर भाताचा पेंढा, त्यावर शाडू. पाय असे पातळ आणि ताठ उभे केले त्यांनी, की आक्का म्हणाली, आता निघालाच हा. शेपटीसाठी वेताची काठी वाफेवर वाकवली. साहेब खुर्ची ओढून शेजारीच बसायचे आणि प्रत्येक मणक्याला मान हलवायचे. दोघांचं चांगलं जमलं होतं.

जमलं होतं ते मानेपर्यंत. मान संपली आणि गणपतीवाल्यांनी हात झटकले.

"आता डोकं दाखवा, साहेब."

"डोकं नाही," साहेब म्हणाले.

"नाय म्हंजे?"

"सापडलंच नाही. धोंड्यात डोक्याची हाडं नव्हती. तेव्हा आपण इथंच थांबायचं."

गणपतीवाल्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग आक्काकडं. "बिनडोक्याचं काम माझ्या हातनं आजवर झालेलं नाय," ते शांतपणे म्हणाले. "डोकं नाय तं डोळे नाय. आन् डोळे नाय तं मी केलं काय? पेंढा तं कुनीबी भरील."

हे खरंच होतं. त्यांची ख्याती डोळ्यांसाठी होती. शाळेतल्या मुली सांगायच्या, त्यांच्या गणपतीसमोर कुठंही उभं राहा, तो आपल्याकडंच बघतो.

"जे मिळालं नाही ते मिळालं म्हणून दाखवायचं नाही," साहेब म्हणाले. तेही शांतपणेच म्हणाले. "एकदा आपण मनानं डोकं बसवलं की लोक तेच खरं धरतील. मग उद्या खरं डोकं मिळालं तरी कुणाला पटणार नाही."

"साहेब, गणपतीबाप्पाचं डोकं तरी कुठं त्याचं होतं?"

साहेब हसले, पण हलले नाहीत. एक आठवडा काम तसंच पडून राहिलं. मानेशी तुटलेला तो प्राणी ओसरीवर उभा, त्यावर ओलं गोणपाट. मी मधल्यामध्ये. साहेबांचं म्हणणं मला पटत होतं आणि गणपतीवाल्यांचं दुःख दिसत होतं. हळदीकुंकू जवळ येत चाललं होतं.

तोड काढली आक्कानं, तीही तांदूळ निवडता निवडता. "त्याचं डोकं झुडपात घालू दे," ती म्हणाली. "खातो ना तो किडे? मग काढतोय म्हणावं झुडपातून. आपलं मांजर नाही का, उंदीर असला की अर्धं लाकडांत शिरतं."

साहेबांना हे फार आवडलं. यात खोटं काहीच नव्हतं. त्यांनी उत्साहानं आणखी एक गोष्ट सांगितली: हाडांमध्ये पोटाच्या जागी एक गुळगुळीत गारगोटी मिळाली होती, कोंबड्या गिळतात तशी त्यानं गिळली असावी. म्हणून गणपतीवाल्यांनी शाडूचा शेवटचा हात मारण्याआधी साहेबांनी नदीकाठची एक गारगोटी स्वतः धुऊन त्याच्या पोटात ठेवली. ती कुणालाही कधी दिसणार नव्हती. गणपतीवाल्यांनी ते पाहिलं आणि नुसतं "बरं" म्हणाले.

रंगावरूनही थोडं झालं. साहेबांना रंगच नको होता. "नागडं दिसल," गणपतीवाले म्हणाले. अखेर तो ज्या दगडात मिळाला त्या दगडाचा तांबूस रंग द्यायचा ठरलं, आणि त्यासाठी काव, म्हणजे तांबडी माती, वापरली.

हळदीकुंकवाच्या दिवशी शाळेचा मोठा वर्ग बायकांनी भरून गेला. कर्जतच्या दुकानदारांच्या, रेल्वेतल्या बाबूंच्या घरच्या बायका पुढं, गावागावांतून आलेल्या शेतकरणी भिंतीला धरून. कोपऱ्यात मातीच्या चौथऱ्यावर करवंदीचं झुडूप रोवलेलं आणि त्यात मानेपर्यंत शिरलेला तांबडा पोडकोबा, शेपटी ताणून, एक पाय उचललेला. प्रोफेसरीणबाई खुर्चीवर बसल्या होत्या. साहेब बाहेर व्हरांड्यात येरझारा घालत होते. बायकांच्या कार्यक्रमात आत कसं यायचं म्हणून. पण कान आत होते, हे खिडकीतून दिसत होतं. गणपतीवाले लांब आंब्याखाली बसले होते.

मी मुलींना शिकवल्याप्रमाणं सांगायला सुरुवात केली. माझा आवाज तेव्हा बायकांपुढंसुद्धा कापायचा. धोंड्याची गोष्ट झाली, बहिणीची झाली. बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. "आगं, घोरपड हाय," एक म्हणाली. "घोरपड दोन पायावं चालती व्हय गं," दुसरी म्हणाली.

मग तबक फिरलं. पोशीरची एक शेतकरीण, आमच्या एका मुलीची आई, हळदीकुंकू घेऊन सगळ्यांना लावत लावत कोपऱ्यापर्यंत आली आणि पोडकोबापुढं थांबली. तिच्या हिशेबी कार्यक्रमाला आलेल्या कुणालाही वगळणं बरं नव्हतं. तिनं त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"बाई, याचं कपाळ कुठं हाय?"

"अहो, त्याला डोकं..." मी म्हणेपर्यंत तिनं काटे चुकवत करवंदी दोन्ही हातांनी बाजूला सारली.

"हे काय, हाय की," ती म्हणाली, आणि कुंकू लावलं.

आत डोकं होतं. निमुळतं, टिटवीसारखं पुढं आलेलं तोंड, बारीक दातांची ओळ, दातांत पितळेच्या तारेचा एक नाकतोडा. आणि डोळे. त्या मांसाहारी जिवाला गणपतीवाल्यांनी त्यांच्या हातचे तेच डोळे दिले होते, लांबट, शांत, समजूतदार. नाकतोडा खाऊन झाला की आशीर्वाद देईल असे. बायकांची झुंबड उडाली. झुडूप पार मोडलं.

गलका ऐकून साहेब दारात आले. बायका बाजूला झाल्या. त्यांनी ते डोकं बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. मग पत्नीला घेऊन, तिळगूळ न घेता, टांग्यात बसून निघून गेले. आंब्याखाली बघितलं तर गणपतीवालेही उठून गेले होते.

घरी आल्यावर मी आक्काला म्हणाले, "तुला ठाऊक होतं."

"होतं," ती म्हणाली. "नाकतोड्याची तार मीच दिली. जुन्या समईची होती."

दुसऱ्या दिवशी वाचायला जायला मला धीर होईना, तरी गेले. साहेब फिरायला गेले होते. ते या वेळी कधी जात नसत. प्रोफेसरीणबाईंनी पुस्तक मिटायला सांगितलं आणि म्हणाल्या, "त्यांचा राग नाही गं. तुला त्यांनी एक गोष्ट सांगितलेली नाही. ती खरी हाडं आता नाहीत. ज्या इमारतीत ठेवली होती तिला आग लागली. सगळं गेलं. हे इकडे परत आल्यावर ती बातमी कळली. दोन दिवस जेवले नव्हते. मी तेव्हा हसले होते, अहो, मेलेल्या सरड्याचं सुतक कसलं म्हणून. पण त्यांचं म्हणणं, आता जगात त्याचे साचे तेवढे उरलेत. त्यात एक रेघ जरी कुणी मनची घातली, तर खरं काय होतं ते पुन्हा तपासायला जागाच नाही."

मी तशीच उठले आणि मुद्र्याला गेले. गणपतीवाले अंगणात बसून बैलाच्या शिंगाला रंग देत होते. मी त्यांना आगीची गोष्ट सांगितली. त्यांनी कुंचला पाण्यात ठेवला.

"हे मला कुनी सांगितलं नाय," ते म्हणाले.

"मलाही आजच कळलं."

"आमी दरसाल करतो आन् बुडवतो. गेल्याचं मला काय वाटत नाय, पुन्हा होतं. ह्यांचं पुन्हा व्हायचं नाय." ते उठत म्हणाले, "चला."

ओसरीवर साहेब परत आले होते. गणपतीवाले पायरीवरच बसले, वर या म्हटलं तरी आले नाहीत.

"साहेब, डोकं काढून टाकतो."

साहेबांनी साच्याजवळ खुर्ची ओढली. मग त्यांनी विचारलं, "तोंड निमुळतं का केलंत?"

"मान बारीक हाय त्याची. जड डोकं घेऊन ह्या पायांवं पळाला तं तोंडावं आपटंल."

"हं. आणि डोळे?"

"डोळे माझे हायेत," गणपतीवाले म्हणाले. "ते मी खोटं नाय सांगनार."

साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. "तोंड कदाचित असंच असेल," ते म्हणाले. "कदाचित. माझ्या मनातही असंच होतं, म्हणून तर मला ते बघवेना. काढून टाकू नका. निघेल-बसेल असं करा. आधी बिनडोक्याचा दाखवायचा आणि सांगायचं, एवढंच मिळालंय. मग डोकं बसवायचं आणि सांगायचं, हे आमच्या मूर्तिकारांनी केलंय."

"माझं नाव घेऊन?"

"तुमचं नाव घेऊन."

गणपतीवाल्यांनी त्याच दिवशी मानेत लाकडाची खुंटी बसवली. आक्कानं कुंकू पुसायचं का विचारलं, तर साहेब म्हणाले, राहू द्या, ते कुणी लावलं तेही सांगू.

ही बातमी खालापूरला पोचली. तिथल्या शाळेच्या हेडमास्तरांनी बोलावणं पाठवलं, बाजाराच्या दिवशी या, गावोगावचे लोक असतात. साहेब आणि गणपतीवाले बैलगाडीत पुढं, आक्का आणि मी मागं, मध्ये पेंढ्यात निजवलेला पोडकोबा आणि आक्काच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं त्याचं डोकं. वाटेत कुणी विचारलं की गाडीवाला सांगायचा, "पाहुनं हाय. बाजाराला चाललंय." शेपटी धक्क्यानं दोनदा निखळली. गणपतीवाल्यांनी ओला शाडू बरोबर घेतलाच होता.

शाळेच्या पटांगणात पोडकोबा बाकावर उभा केला. बाजार सोडून माणसं आली. टोपल्या डोक्यावर घेतलेल्या, डोंगरातल्या वाड्यांवरून मध-डिंक विकायला आलेल्या बायका, शेतकरी, मामलेदार कचेरीतले कारकून. मी आक्काच्या शेजारी मागं उभी होते. साहेब पुढं झाले, दोन वाक्यं बोलले आणि त्यांना खोकला आला. तो थांबेना. त्यांनी मागं वळून हातानं मला बोलावलं.

पुरुषांच्या घोळक्यापुढं मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. मी आक्काकडं पाहिलं. तिनं हनुवटीनंच "जा" म्हटलं.

मी गेले. आधी मला माझाच आवाज ऐकू येईना. कुणीतरी मागून म्हणालं, "मोठ्यानं, बाई." मग मोठ्यानं सांगितलं. धोंडा सांगितला, पांढरी रेघ सांगितली, दोघी बहिणी सांगितल्या, आग सांगितली. आगीशी आले तेव्हा मागची माणसंही पुढं सरकली होती.

"म्हणून जे मिळालं ते एवढंच," मी म्हणाले. "डोकं मिळालेलं नाही. कसं होतं कुणालाही माहीत नाही. आता हे मुद्र्याचे मूर्तिकार त्यांच्या मनातलं डोकं बसवतील."

गणपतीवाले पुढं आले, धोतराला हात पुसले आणि खुंटीवर डोकं बसवलं. लोकांतून एक हुंकार उठला. चेहऱ्यावरचा आनंद लपवत ते बाजूला झाले.

डोंगरातल्या एका बाईनं टोपली खाली ठेवली आणि जवळ येऊन विचारलं, "खायला काय लागतं त्याला?"

"आता काही नाही. तो केव्हाच संपला. तेव्हा किडे, पाली, असलंच काही."

"पिलं?"

मी साहेबांकडं पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि मला नवल वाटलं, की एवढ्या लोकांपुढं हे म्हणताना मला जराही लाज वाटली नाही. वर्गात मुलींनी अडचणीचं काही विचारलं की मी आजवर "उद्या सांगेन" म्हणायची.

"असतील," ती बाई म्हणाली आणि टोपली उचलून बाजारात गेली.

खालापूरच्या हेडमास्तरांनी तो प्राणी शाळेत ठेवून घ्यायची परवानगी मागितली. साहेबांनी दिली, अट एकच, डोकं कपाटात वेगळं ठेवायचं. पुढं त्या उन्हाळ्यात साहेब आणि बाई नाशिककडं राहायला गेले. जाण्याआधी त्यांनी प्लॅस्टरचा साचा आमच्या शाळेला दिला आणि भिंग मला. मी नंतर पुण्याला जाऊन विज्ञान शिकवण्याचं जास्तीचं शिक्षण घेतलं. आक्काच्या हातचं खाऊन अभ्यास करायचा असल्यानं तीही आली. गणपतीवाल्यांनी पुढं खोपोलीच्या वीजघराकडच्या कामगारांच्या गणपतीला मखर केलं, त्यात दोन्ही बाजूंना दोन पायांवर पळणारे तांबडे प्राणी होते. लोकांनी विचारलं, हे कुठल्या पुराणात आहेत. गणपतीवाल्यांनी काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण त्या वर्षी खोपोलीला आरतीपेक्षा मखराला गर्दी जास्त होती, असं आक्का एकदा कर्जतला गेली तेव्हा बाजारातून ऐकून आली.